गुंजेच्या पाल्याची खीर

वहिनींनी मला मोरीपाशी बोलावलं आणि खाली बोट दाखवलं. भिंतीच्या फटीतून निघालेली काळ्या मुंग्यांची रांग थेट मोरीच्या दगडातल्या खळग्यापर्यंत गेली होती.

"भावोजी, इथं गूळ कोण सांडेल?" त्या म्हणाल्या.

गूळ कुणी सांडला नव्हता. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, हल्ली रात्रीतून अनेकदा उठून मोरीकडे येत. दिवसभर तहान लागते म्हणत, तांब्यामागून तांब्या रिता करत, आणि अंगावरची बंडी महिन्यामहिन्याला सैल होत चालली होती. आम्ही ते चुलीच्या आचेचं म्हणून सोडून दिलं होतं. मुंग्यांना मात्र आमच्याआधी कळलं होतं.

दादा आचारी होते. पुण्यात पंगतींना तोटा नव्हता. मुंजी, लग्नं, श्राद्धं, शांती. श्रावणात रमण्याच्या दक्षिणेसाठी बाहेरगावचे ब्राह्मण आले की शहर पोटापासून भरून जायचं. मी त्यांच्या हाताखाली होतो, पण चुलीपाशी नव्हे. पानं किती पडणार हे यजमानांनी सांगितलं की तांदूळ किती, तूप किती, पत्रावळी-द्रोण किती, पाणी भरायला माणसं किती, हे सगळं मी कागदावर उतरवायचो, आणि सामान कोठीतून मोजून चुलीपाशी आणून द्यायचो. दादांना अंदाजाचा तिटकारा नव्हता, मला होता. "याच्या यादीत मीठसुद्धा रांगेत उभं असतं," असं ते यजमानांना सांगायचे. नारायण पेठेत आमचं बिऱ्हाड होतं, मागं छोटंसं परसू, आणि घरात माणसं तीनच: दादा, वहिनी आणि मी. माझी पत्नी लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, आणि मी पुन्हा संसार मांडला नाही.

वैद्यबुवा शनिवार पेठेतले. त्यांनी नाडी पाहिली, मुंग्यांचं ऐकलं आणि पुढं काही विचारलं नाही.

"गोड बंद," ते म्हणाले. "गूळ, साखर, ऊस, नवा तांदूळ, दही, दुपारची झोप. जवाची भाकरी, मूग, कारली, मेथी. आणि रोज चालायचं."

"आचाऱ्याला चालायला वेळ कुठला?" दादा म्हणाले.

"मग मरायला काढा. त्याला जास्त लागतो."

दादा हसले. वैद्यबुवा हसले नाहीत. दादांनी मग त्यांना समजावून सांगितलं, की मी सोवळ्यात स्वयंपाक करतो. देवाला नैवेद्य होईस्तोवर चिमूटही जिभेला लावत नाही. बासुंदी रंगावरून उतरवतो, पाक बोटांच्या तारेवरून, पुरण वासावरून. तेव्हा धंद्यामुळं माझ्या पोटात गोड जाईल ही भीती नको. वैद्यबुवांचं समाधान झालं.

माझं झालं नाही, कारण शेवटची पंगत मला ठाऊक होती.

सगळ्यांची जेवणं झाली की उन्हं कलायच्या सुमारास आचारी, वाढपी आणि मी असे एका ओळीत बसतो. तेव्हा यजमान स्वतः वाढायला येतात. सबंध दिवस राबलेल्या माणसांना आग्रह करण्यात त्यांना पुण्य वाटतं, आणि ते खरंही असतं. इतर कुणी पत्रावळीवर आडवा हात धरला तर चालतं. आचाऱ्यानं धरला तर चालत नाही. ज्यानं रांधलं तोच नको म्हणतो, तर आत काय पडलंय ते त्यालाच ठाऊक, असं लोक बोलणार. आणि दुसऱ्या दिवशी ते पर्वतीपर्यंत पोचणार. त्यातून ते नैवेद्याचं अन्न. प्रसादाला पथ्य नाही, हे वाक्य मी यजमानांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की ज्यानं ते पहिल्यांदा उच्चारलं त्याला मधुमेह झाला होता का, हे मला विचारावंसं वाटतं.

दादा सकाळी घरी जवाची भाकरी आणि कारली खायचे, आणि दुपारी चार-सहा जिलब्या.

"वाढलेलं टाकू?" ते विचारायचे. मी यादीत साखर थोडी कमी धरून पाहिली. पहिल्याच पंगतीला दादांनी कढईतला पाक बोटावर घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "लोकांना का उपाशी ठेवतोस? आजारी मी आहे." मी निमूटपणे कोठीतून आणखी साखर आणून दिली.

वैशाखात एका लग्नात जिलबीच्या कढईतलं तूप त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर उडालं. आचाऱ्याच्या अंगावर असे डाग असतातच, त्याची कुणी दखल घेत नाही. पण हा डाग ओलाच राहिला. वहिनी रोज कडुनिंबाच्या पाण्यानं धूत, हळद-तूप लावत, आणि रोज मला सांगत, "आज काही फरक नाही." वैद्यबुवांनी अंगठा पाहिला आणि मला एकट्याला बाजूला घेतलं.

"गोड थांबलं नाही तर हा अंगठा जाईल. मग पाय. त्यापुढं मी सांगत नाही."

मी त्या दिवसापासून एकाच गोष्टीच्या मागं लागलो. दादांच्या जिभेला गोड हवंच होतं. नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं. गुळाच्या जागी काहीतरी घालायला हवं होतं. ज्येष्ठमध पाहिलं. चघळायला बरं, पण दुधात औषधाचा वास मारतं. मध वैद्यबुवांनी नाकारला. मग एका मुंजीत शेवटच्या पंगतीनंतर विडा तोंडात घातला आणि चावता चावता थांबलो. विड्यात साखर नव्हती, गुलकंद नव्हता, तरी गोड लागत होता. घरच्या सुनेनं विडे लावले होते. तिला विचारलं. "गुंजेचा पाला," ती म्हणाली. "माहेराहून येतो. आमच्याकडे कोकणात कुंपणाला असतो."

मीही कोकणातल्याच घरचा. लहानपणी घसा बसला की आई तो पाला चघळायला द्यायची. पण इतकी वर्षं त्याची आठवण झाली नव्हती.

वैद्यबुवांना जाऊन विचारलं. "पाला चालेल," ते म्हणाले. "बी नाही. बी विष आहे, ते घरात राहता कामा नये. पाला कीर्तनकार घशासाठी चघळतात, ते काही मेलेले नाहीत. श्रोते मेले तर तो दोष पाल्याचा नव्हे."

बी आणायला मी सोनाराकडं गेलो. त्याच्याकडं तोलायच्या गुंजा डबीभर असतात, तांबड्या, काळ्या डोळ्याच्या. त्यानं डबी हातात धरून माझ्याकडं पाहिलं.

"लोक गुंजभर सोनं मागायला येतात. तुम्ही नुसती गुंज मागता?"

"पेरायची आहे."

"पेरा. सोनं उगवलं तर कळवा."

त्यानं वजनात कमी भरणाऱ्या, टाकाऊ ठरलेल्या मूठभर गुंजा दिल्या. गुंजेचं कवच दगडासारखं असतं. तशीच पुरली तर वर्षभर मातीत झोपून राहते. मी प्रत्येक बी सहाणेवर एका बाजूनं घासलं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं, आणि फुगलेली तेवढीच वेचून परसातल्या कुंपणाच्या कडेला ज्येष्ठात टोचली. न फुगलेली चुलीत टाकली. कोंब आल्यावर बांबूच्या काठ्या रोवल्या, त्यावर सुतळी बांधली. वेल चिवट निघाला. पाऊस लागल्यावर त्यानं काठ्या सोडून कुंपण धरलं, कुंपण सोडून शेजारच्यांची भिंत धरली.

त्यावर शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "अगो, दारी गुंज लावलीत? घरात भांडणं होतात त्यानं."

"ती आधीपासूनच आहेत, काकू," वहिनी म्हणाल्या. "आता निदान आडोसा होईल."

काकूंच्या घरात लहान मुलं होती, म्हणून शेंगांचं काम मी स्वतःकडं घेतलं. फुलं गळून शेंग धरली की ती हिरवी असतानाच खुडायची आणि चुलीत घालायची. एकही वाळून तडकू द्यायची नाही. तो नेम मी अजून पाळतो.

पाला चिंचेसारखा, बारीक बारीक पानांचा. संध्याकाळी ती पानं खाली मान टाकतात, तेव्हा खुडणी सकाळची. उन्हात वाळवला तर काळा पडतो आणि गोडी जाते. सावलीत फडक्यावर पसरला तर हिरवा राहतो. हे मला दोन वेळा पाला वाया घालवून कळलं. पहिल्यांदा मी त्याचा काढा केला. जितका उकळला तितका कडवट. मग वाटून भुकटी दुधात घातली. दाताखाली रेती आली. अखेर पाला चुरून रात्रभर पाण्यात भिजत घातला आणि सकाळी दुहेरी फडक्यातून गाळला. ते पाणी गोड होतं. किंचित हिरवट, पण गोड.

दादांपुढं वाटी ठेवली. त्यांनी घोट घेतला, गिळला, थांबले.

"काही नाही," ते म्हणाले. मग भुवया वर गेल्या. "आली. आत्ता आली." त्यानंतर बराच वेळ ते जीभ टाळ्याला लावून बसले. "साखर कशी, दारात पाऊल टाकल्याबरोबर हाक मारते. हा पाहुणा उशिरा येतो, आणि आला की निघायचं नाव काढत नाही."

"पण गोड आहे ना?"

"गोड तर मेहुणाही बोलतो."

वहिनींनी त्या पाण्यात बेसनाचे लाडू वळायचा प्रयत्न केला. लाडू वळेनात, वळला तो ताटात ठेवताच भुगा झाला. दादा दारातून पाहत होते. "पाकाला तार असते, ती लाडवाला धरून ठेवते," ते म्हणाले. "याला नुसती चव आहे, अंग नाही. याचे लाडू होणार नाहीत, वड्या होणार नाहीत, जिलबीचं तर नाव काढू नका." ते इतकं बोलून निघून जातील असं वाटलं होतं. ते पाट ओढून चुलीपाशी बसले. आजारी माणूस बाजूला राहिला आणि आचारी जागा झाला. जव भाजून भरडायला सांगितले, दूध निम्मं आटवलं, त्यात भरड शिजवली. पाल्याचं पाणी मी उकळत्या दुधात ओतणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "उतरल्यावर. आग दिलीस की कडवट होईल." वरून जायफळ, जरा जास्तच, म्हणजे मागं रेंगाळणारी चव झाकली जाईल.

ती खीर झाली. बासुंदी नव्हे, पण खीर. दादांनी ती खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली. त्यानंतर घरी रोज तीच. भाद्रपद-अश्विनात पितृपंधरवडा सोडला तर कामं बेताची होती, आणि अंगठ्याच्या कडेला वहिनींना गुलाबी कातडी दिसली. "आज फरक आहे," त्या म्हणाल्या. ते वाक्य मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

मग मार्गशीर्ष उजाडला, कामं वाढली, शेवटच्या पंगती वाढल्या, आणि गुलाबी कातडी उलली.

सदाशिव पेठेत एका सावकारांची साठीशांत होती. सावकारांच्या पत्नी समजूतदार बाई, दादांच्या हातचं त्यांच्याकडं पिढीजात चाललेलं. मी आदल्या दिवशी यादी घेऊन गेलो तेव्हा त्यांना एकट्यांना गाठून सगळं सांगितलं. पाल्याचं पाणी मी घरून आणीन, खीर वहिनी करून देतील. शेवटच्या पंगतीला बासुंदी आणूच नये. आमच्या सगळ्या ओळीला हीच खीर वाढावी. दादा त्या ओळीतले एक, तेव्हा त्यांना काही वाटणार नाही. मी हंडा मोठा आणीन, ओळीत बसणाऱ्या सगळ्यांना पुरेल एवढा.

"आचाऱ्यांच्या पायाचं माझ्या कानावर आलंय," बाई म्हणाल्या. "करते तसं."

त्यांनी केलं, पण तसं नाही. दिवस सरता सरता त्यांचा जीव कचरला असावा. चुलीपुढं पहाटेपासून घाम गाळलेल्या माणसांना झाडाचा पाला वाढायचा? उद्या हेच आचारी आणि वाढपी दहा घरी जातील, दहा घरी सांगतील की सावकारांकडे साठीला पाल्याची खीर मिळाली. त्या जागी मी असतो तर मीही हाच हिशेब केला असता. त्यांनी ओळीला बासुंदी वाढायला सांगितली, आणि दादांच्या पानापाशी खिरीची वाटी पाठवली.

मी दादांच्या शेजारी होतो. सावकारांच्या घरचा एक मुलगा बासुंदीचं भांडं घेऊन ओळीतून आला, माझ्या द्रोणात वाढलं, आणि दादांचा द्रोण ओलांडून पुढं गेला. मागून दुसरा आला आणि वाटी टेकवली. "ही आपली," तो हळूच म्हणाला.

"माझी म्हणजे?"

"आतून सांगितलंय. आपली वेगळी."

ओळीच्या टोकाला एक म्हातारा आचारी बसला होता, दादांचा जुना जोडीदार, जीभ तिखट. "काय हो दादा," तो म्हणाला, "आपलं पान आमच्यातून कधी उठलं? का बासुंदीत काही आहे, जे आम्हीच खायचं?"

दोघे-तिघे हसले. एका ओळीत दोन तऱ्हेचं वाढणं याला पंक्तिप्रपंच म्हणतात. दादांनी हयातीत आपल्या हातून तो होऊ दिला नव्हता. एकदा एका सरदाराकडं थोरामोठ्यांना साजूक तूप आणि भिक्षुकांना दुसरं, असं ठरलं होतं. दादांनी पळी खाली ठेवली आणि दोन्ही तुपं एकत्र झाल्याखेरीज ती उचलली नाही. आता त्यांच्यासमोर तीच गोष्ट झाली होती, आणि वेगळं पान त्यांचं होतं.

त्यांनी हातावर पाणी घेतलं, जेवण संपल्याचं उत्तरापोशन केलं आणि उठले.

पंगतीतला एक उठला की बाकीच्यांनी पुढं घास घ्यायचा नाही. सगळ्या ओळीचे हात पत्रावळींवर थबकले. पहाटेपासून राबलेली माणसं अर्धपोटी उठली. दारात सावकारांच्या पत्नी बासुंदीचा डाव हातात धरून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो डाव कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

घरी येताना दादा एका पायावर भार देत चालले होते. ओंकारेश्वराच्या बाजूनं वळलो तेव्हा मी सांगितलं, "मी सगळ्या ओळीसाठी आणली होती."

"मला माहीत आहे. हंडा पाहिला मी."

"मग?"

"मग काय? हंडा कुणी पाहिला? वाटी सगळ्यांनी पाहिली."

त्यानंतर त्यांनी खीर सोडली. जवाची भाकरी गुळाबरोबर खाऊ लागले, उघडपणे, आमच्यासमोर बसून. वहिनींनी गुळाची बरणी माळ्यावर नेली तर शेजारच्या काकूंकडं मागून आणला. मांजरी गावच्या मळ्यातला नवा गूळ होता तो, मेणासारखा मऊ. मी काही म्हणालो तर म्हणायचे, "यादीत लिही. आचारी गूळ खातो." वहिनींशी बोलणं तुटलं. काकूंचं गुंजेचं भाकीत खरं ठरल्यासारखं घर झालं. वेलावर पाला भरपूर होता आणि मी रोज सकाळी तो खुडत होतो, वाळवत होतो, मडक्यात भरत होतो. काय करायचं ते कळत नसलं की मी नेहमीचं काम करतो.

पौषात अंगठा काळा पडला. वैद्यबुवांनी शस्त्रवैद्य आणला. दादांच्या तोंडात फडक्याची गुंडाळी दिली होती, मी खांदे धरले होते, वहिनी माजघरात होत्या आणि दार लावून घेतलं होतं. त्याबद्दल आणखी लिहीत नाही. वैद्यबुवा हात धुताना म्हणाले, "यापुढं एक जिलबी म्हणजे एक बोट, असं समजून चाला."

आठ-पंधरा दिवसांनी आचारी मंडळी समाचाराला आली. तीच ओळ: म्हातारा जोडीदार, दोघे तरुण आचारी, ते वाढपी. दादा भिंतीला टेकून बसले होते, पाय घोंगडीच्या घडीवर. म्हातारा त्या पायाकडं पाहत होता आणि पाहत नसल्यासारखं दाखवत होता.

वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भावोजी, मंडळी जेवून जाणार ना? गोड काय करू?"

मी दादांकडं पाहिलं. घरात पाहुणे आणि तेही आचारी. शिऱ्याखेरीज काही करणं म्हणजे नाक कापून घेणं होतं.

"खीर," दादा म्हणाले. "जवाची. पाल्याची. सगळ्यांना."

आतून भांडं हलल्याचा आवाज आला.

मी पाल्याचं पाणी गाळलं. दादांनी मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न्यायला लावलं आणि तिथं बसून दूध कधी उतरवायचं ते सांगितलं. पानं एका ओळीत मांडली. दादांचं पान टोकाला नव्हतं, मध्ये होतं. वहिनींनी एकाच पातेल्यातून, एकाच पळीनं, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढली.

म्हाताऱ्यानं घास घेतला. थांबला. पुन्हा घेतला.

"दादा, साखर राहिली का?"

"राहिली नाही. घातलीच नाही."

"मग गोड कशानं?"

"थांब जरा. येईल."

ती आल्याचं म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तो आचारी होता, खोटं बोलणं त्याला जमलं नाही. "हे औषध आहे," तो म्हणाला.

"औषधच. मला आहे. तुम्हाला माझ्या पंगतीत बसल्याची शिक्षा."

मंडळी हसली, आणि त्या हसण्यात पहिल्यांदा थोडी मोकळीक होती. सगळ्यांनी द्रोण स्वच्छ केले. पळी पुन्हा आली तेव्हा दोघा तरुणांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. म्हाताऱ्यानं धरला नाही. त्यानं दुसऱ्यांदा घेतली आणि डोळे मिटून, औषध घ्यावं तशी, सगळी खाल्ली. त्या दिवशी सावकारांकडं त्यानं जे बोलून दाखवलं होतं त्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि दादांनी विचारलं नाही. जाताना त्यानं दाराशी मला थांबवलं. "बाहेर सांगणार नाही आम्ही," तो म्हणाला.

दादांनी ते आतून ऐकलं. "सांगा," ते म्हणाले. "लपवून माझा एक अंगठा गेलाय."

दुसऱ्याच आठवड्यात एका मुंजीचं काम आलं. दादा पाटावर बसून हाताखालच्यांकडून करून घेणार होते. मी यादी लिहायला बसलो. तांदूळ, डाळ, तूप, साखर. दादा म्हणाले, "शेवटच्या पंगतीला जवाची खीर, गुंजेच्या पाल्याची, असं लिही. सगळ्या ओळीला."

"यजमान वाचतील."

"वाचायला नको असेल तर लिहितोस कशाला?"

मी लिहिलं. यजमानांनी यादी वाचली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आचाऱ्यांच्या प्रकृतीचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पायाबद्दल हळहळले, वैद्य कोण म्हणून चौकशी केली. मग म्हणाले, "आपला राग मानू नका. पण आमच्या घरच्या मुंजीत कुणालाही पाला वाढायचा नाही." आणि काम दुसऱ्या आचाऱ्याला गेलं.

मी घरी येऊन सांगितलं. दादा म्हणाले, "बरं झालं. पाय टेकायला उसंत मिळाली." पण त्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं की त्या मुंजीला पानं किती होती.

त्यानंतर एक काम मिळालं आहे, दोन गेली आहेत. मिळालेलं सदाशिव पेठेतल्या त्याच बाईंकडचं, त्यांच्या नातवाच्या बारशाचं. यादीतली ती ओळ त्यांनी वाचली, आणि पाला पुरेल ना, एवढंच विचारलं.

जखमेला कड धरते आहे असं वैद्यबुवा म्हणतात. मी पाहतो, मला कधी दिसते, कधी नाही. घरात आता साखर येत नाही. दादांच्या पानाला जी खीर, तीच माझ्या पानाला आणि मागून वहिनींच्या. जेवताना दादा एकदा माझ्या द्रोणाकडं नजर टाकतात. वेगळं काही नाही ना, एवढं पाहून घेतात. मला ती चव अजून आवडत नाही. रात्री झोपेपर्यंत जिभेवर राहते.

सकाळी मी मागच्या दारी पाला खुडायला जातो, आणि त्या अगोदर वहिनी मोरीपाशी जाऊन आलेल्या असतात. दगड धुण्याआधी त्या वाकून पाहतात. काही दिवस मुंग्या नसतात. काही दिवस असतात. मग त्या पाणी ओततात, आणि मी वेलाकडं वळतो.